गावात जाणारा डॉक्टर काय शिकून येतो?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक आणि अंबरनाथ सोडले, तर त्या यादीत गडचिरोली, भंडारा, बुलढाणा, वाशिम, हिंगोली, जालना आणि अमरावती ही नावे होती. नंदुरबार, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे त्याआधीच महाविद्यालये सुरू झाली होती. जिल्ह्याला कॉलेज मिळाले म्हणजे आता तालुक्याला आणि गावाला डॉक्टर मिळतील, असा हिशेब अशा बातम्या वाचताना आपण मनातल्या मनात मांडून मोकळे होतो.

हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि त्यानंतरची एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे आंतरवासिता, या काळात विद्यार्थी कोणते रुग्ण पाहतो, कुठे पाहतो आणि कोणाच्या हाताखाली पाहतो, यावर तो पुढे कोणत्या ठिकाणी निर्धास्तपणे काम करू शकेल हे ठरते. जागा वाढल्या, पण शिकवण्याची जागा आणि पद्धत तीच राहिली, तर शहरात काम करण्यासाठी घडलेल्या डॉक्टरांची संख्या तेवढी वाढेल.

कॉलेजात पोहोचणारा रुग्ण चाळून आलेला असतो

आपल्याकडची सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागांसाठी हेच आकडे तीन हजार आणि वीस हजार असे आहेत. त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. प्रत्येक पायरीवर बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी जातात आणि थोडे 'रेफर' होतात, म्हणजे वरच्या रुग्णालयात पाठवले जातात.

धान्य एकामागून एक चाळण्यांतून गेल्यावर शेवटच्या चाळणीत जे उरते, ते मूळ पोत्यात काय होते याचा अंदाज देत नाही; कॉलेजच्या वॉर्डाचेही तसेच आहे. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील माहितीवरून एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढांपैकी महिन्याभरात सुमारे साडेसातशे जणांना काही ना काही दुखणे होते, अडीचशे जण डॉक्टरकडे जातात, नऊ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो फक्त एक. पुढे चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, हाच हिशेब अमेरिकेत पुन्हा केला गेला, तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. हे आकडे परदेशातले आहेत आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, परंतु त्यांतला मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. भावी डॉक्टर त्या एका रुग्णाभोवती साडेचार वर्षे घालवतो, आणि पदवी हातात पडल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांपुढे बसतो.

एक सर्पदंश, दोन दवाखाने

हा फरक डोळ्यांपुढे यावा म्हणून सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे आणि त्यांतले बहुसंख्य ग्रामीण भागातले आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. या चौघांच्याही विषावर चालणारे प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये वर्षानुवर्षे तयार होत आले आहे.

कॉलेजच्या रुग्णालयात सर्पदंशाचा रुग्ण येतो, तेव्हा रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल येतो, अतिदक्षता विभागात खाट असते, व्हेंटिलेटर असतो आणि निर्णय वरिष्ठ घेतात. विद्यार्थी मागे उभा राहून पाहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री अकरा वाजता प्रयोगशाळा बंद असते. तिथे उपयोगी पडते ती एक काचेची परीक्षानळी. शिरेतून काढलेले दोन मिलिलीटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून ती वीस मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरसे चावल्याचा आणि विष रक्तात भिनल्याचा तो पुरावा असतो. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर चाचणी फसवते. ही सगळी माहिती पुस्तकात असते. मात्र नळी कपाटात कुठे आहे, ती कोणी धुतली आहे आणि वीस मिनिटे संपेपर्यंत नातेवाइकांना कसे थोपवून धरायचे, हे पुस्तकात नसते.

मण्यारीचा दंश याहून अवघड. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दंशाची खूण जेमतेम दिसते, सूज नसते, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस येतो आणि नवखा डॉक्टर त्याला आम्लपित्ताचे औषध देऊन घरी पाठवू शकतो. ज्याने पावसाळ्यात असा रुग्ण एकदा पाहिलेला असतो, तो आधी पापण्या जड होऊन खाली येत आहेत का हे पाहतो, आणि रात्री कुठे झोपला होतास हे विचारतो. पुढे प्रतिविष सुरू करायचे, त्याची उलट प्रतिक्रिया आली तर ॲड्रेनालिन भरून तयार ठेवायचे, श्वास मंदावला तर अंबू बॅगेने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास चालू ठेवत १०८च्या रुग्णवाहिकेत बसायचे, आणि निघण्यापूर्वी वरच्या रुग्णालयाला फोन करायचा. 'रेफर' या एका शब्दात एवढी कामे असतात. पहिली मात्रा न देता चिठ्ठी लिहून पाठवलेला रुग्ण वाटेत दगावतो, तेव्हा कागदोपत्री कोणाचीच चूक नसते.

हे उदाहरण एका सापापुरते नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन किती आणि कधीपर्यंत द्यायचे, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात काय करायचे, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर गाडी येईपर्यंत काय करायचे, पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुणे हा उपचाराचाच भाग आहे हे लोकांना कसे पटवायचे, ही सगळी कौशल्ये हातांना सवय झाल्याशिवाय येत नाहीत. शवविच्छेदनाचे तर बोलायलाच नको. वर्गाच्या गर्दीत मागून पाहिलेले शवविच्छेदन पुढे ग्रामीण भागात त्याच विद्यार्थ्याला एकट्याने करावे लागते आणि त्यावर न्यायालयात साक्षही द्यावी लागते.

गावातले सगळे ज्ञान कॉलेजातून येत नाही

१९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय आणि धाप अशा अवस्थेत येत आणि त्यांतली कित्येक मरत. त्यांना वाचवणारे उपचार पाठ्यपुस्तकांत नव्हते. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून तासातासाची नोंद ठेवली आणि मृत्यू हृदय निकामी होऊन, फुप्फुसांत पाणी भरल्याने होतो हे दाखवले. पुढे रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. एकेकाळी सुमारे ४० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या आसपास आले आणि त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकांत छापले गेले.

हा शोध मोठ्या शहराच्या रुग्णालयात लागणे अवघड होते, कारण हे रुग्ण तिथे पोहोचण्याआधीच मरत होते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या कामाचेही तसेच आहे. खेड्यातल्या स्त्रियांच्या आजारांबद्दलचा त्यांचा १९८९ मधला अभ्यास दोन गावांत घरोघरी जाऊन झाला आणि तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. यांतल्या बहुतेक स्त्रिया दवाखान्यात आलेल्याच नव्हत्या. बाह्यरुग्ण विभागात बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अशा स्त्रिया दिसणार कुठून?

अभ्यासक्रमात गाव आहे, मग अडते कुठे?

गाव कागदावर आहे, आणि बऱ्याच काळापासून आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने रोग होण्याआधीच समाजात काम करणारा 'सामाजिक वैद्य' घडवावा, असे सुचवले. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने तोच धागा पुढे नेला आणि १९७७ पासून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने काही ग्रामीण भागाची जबाबदारी घ्यावी, अशी योजना आली. सध्याच्या नियमांनुसार बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये सुमारे तीन महिने जनऔषधवैद्यकशास्त्राचे, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाचे आरोग्य पाहणाऱ्या विषयाचे, असतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात त्याला अजूनही 'पीएसएम' (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) असेच म्हणतात. २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आहे, ज्यात पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे नेमून घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवायचा असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात.

खरी अडचण वेळापत्रकात आहे. इंटर्नशिप संपताच 'नीट-पीजी' ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा डोक्यावर असते. ती बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा आहे आणि विंचू चावलेल्या मुलाजवळ रात्र काढल्याचे त्यात गुण नाहीत. त्यामुळे गावातल्या नेमणुकीचे तीन महिने अभ्यासाला मोकळा वेळ मिळावा म्हणून वापरले जातात, आणि सही करणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. विद्यार्थ्यांना आळशी ठरवून हे सुटणार नाही. ज्या गोष्टीची परीक्षा होत नाही आणि जी शिकवायला कोणी उभा नाही, ती गोष्ट शहाणा विद्यार्थी शेवटी ठेवतो. दत्तक कुटुंबांच्या भेटींचेही, शिक्षक सोबत नसेल, तर लॉगबुक भरण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

सेवाग्रामने काय वेगळे केले

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे नव्या विद्यार्थ्यांची सुरुवात आश्रमातल्या मुक्कामाने होते. पहिल्याच वर्षी संपूर्ण वर्ग शिक्षकांसह एका गावात सुमारे पंधरा दिवस राहायला जातो, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे येतात आणि पुढच्या वर्षांत त्याच कुटुंबांकडे परत जावे लागते. देशपातळीवर २०२२ मध्ये आलेला कुटुंब दत्तक कार्यक्रम म्हणजे सेवाग्रामला कित्येक दशके चालत आलेली गोष्ट.

यात मला महत्त्वाचे वाटते ते शिक्षकांचे सोबत जाणे. सहलीला पाठवलेला वर्ग आणि शिकवायला नेलेला वर्ग यांत फरक असतो. ज्या बाईचे हिमोग्लोबिन विद्यार्थ्याने सप्टेंबरमध्ये तपासले, तिला पुढच्या वर्षी पुन्हा भेटल्यावर लोहाच्या गोळ्या तिने का घेतल्या नाहीत हे त्याला कळते: गोळ्यांनी मळमळते, सासू नको म्हणते, किंवा उपकेंद्रातल्या गोळ्या संपल्या होत्या. वॉर्डात ती बाई 'रक्तक्षय, तीव्र' एवढीच असते. सेवाग्रामची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधीविचारांवर वेगळा पेपर असे. 'नीट' आल्यानंतर ती परीक्षा संपली. सामायिक परीक्षेचे फायदे आहेतच, पण संस्थेला आपला विद्यार्थी निवडता येण्याचा एक मार्ग त्यामुळे बंद झाला, हेही मान्य केले पाहिजे.

पण बंधपत्र आहेच की

बंधपत्र, म्हणजे बोलीत 'बाँड', हा सरकारी कॉलेजात शिकलेल्या डॉक्टराने ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचा करार. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्षाची सेवा आणि ती टाळल्यास दहा लाख रुपये दंड, असे त्याचे स्वरूप राहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सक्तीच्या सेवेच्या अटी वैध ठरवल्या, त्यामुळे कायद्याचा प्रश्न उरलेला नाही. जनतेच्या पैशातून शिकलेल्याने जनतेची काही काळ सेवा करावी, ही अपेक्षाही रास्त आहे.

मात्र बंधपत्र डॉक्टरला खुर्चीपर्यंत आणते, काम शिकवत नाही. वर्षभरासाठी आलेला नवा डॉक्टर आशा, एएनएम (म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि आरोग्य सहायकांचे पथक चालवायला, औषधांची मागणी नोंदवायला, मातामृत्यूच्या चौकशीला उत्तर द्यायला तिथे गेल्यावर शिकतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णाशी संवाद कसा साधायचा, हे त्याला उमगू लागते तोवर वर्ष संपत आलेले असते. मग दुसरा नवा येतो. या फेऱ्यात केंद्राला कायम पहिल्या वर्षाचाच डॉक्टर मिळतो.

म्हणजे खेड्यासाठी कमी प्रतीचा डॉक्टर?

हा आक्षेप जुना आहे आणि त्याला कारण आहे. ग्रामीण भागासाठी कमी मुदतीचे वेगळे अभ्यासक्रम छत्तीसगड आणि आसाममध्ये सुरू झाले होते, आणि दोन्हीकडे 'अर्धा डॉक्टर' या शब्दांत त्यांना विरोध झाला. छत्तीसगडच्या ग्रामीण वैद्यकीय सहायकांनी प्राथमिक उपचारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे काम केल्याचे तुलनात्मक अभ्यासात दिसले होते, तरी तो वाद वेगळा. इथे प्रश्न पूर्ण एमबीबीएसचा आहे.

त्या बाबतीत भीतीचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना मोठ्या रुग्णालयाऐवजी संपूर्ण वर्षभर रिव्हरलँड या ग्रामीण भागातल्या छोट्या दवाखान्यांत शिकवायला सुरुवात केली. हे विद्यार्थी परीक्षेत मागे पडतील, अशी शंका होती. प्रत्यक्षात त्यांचे निकाल शहरातल्या वर्गमित्रांपेक्षा सरस लागले. कारण उघड आहे. मोठ्या रुग्णालयात एका खाटेभोवती दहा जण असतात, छोट्या दवाखान्यात विद्यार्थी आणि रुग्ण समोरासमोर असतात, आणि तोच रुग्ण पंधरा दिवसांनी परत येतो तेव्हा आपले निदान बरोबर होते की चूक, हे विद्यार्थ्याला कळते.

सुविधाच नसतील, तर शिकून काय करायचे?

हा आक्षेप मी सर्वांत वजनदार मानतो. राहायला धड निवासस्थान नाही, रात्री सुरक्षिततेची हमी नाही, रुग्ण दगावला की जमाव अंगावर येतो, जोडीदाराला नोकरी नाही, मुलांना शाळा नाही. चांगल्या प्रशिक्षणाने यातले काहीही भरून निघत नाही, आणि ज्यांनी तसा दावा केला आहे त्यांनी डॉक्टरांवर अन्याय केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दिलेल्या शिफारशींतही शिक्षण, नियम, पैसा आणि राहणीमान या चारही बाजूंनी एकदम प्रयत्न करायला सांगितले आहे. तरीही सुविधा आल्यावर शिकवू, असे म्हणता येत नाही, कारण आज प्रवेश घेणारा विद्यार्थी डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षे लागतात.

प्रवेश कोणाला मिळतो, हाही शिक्षणाचाच भाग

त्याच शिफारशींत ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, ही सूचना ठळक आहे, कारण ग्रामीण भागात वाढलेले डॉक्टर तिथे परतण्याची शक्यता अधिक असते, असे निरनिराळ्या देशांत दिसले आहे. जपानमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी घेतले जातात. शुल्काचा भार त्यांच्यावर पडत नाही, आणि बदल्यात त्यांनी आपल्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा करायची असते; बहुतेक जण ती पूर्णही करतात. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. लातूर किंवा कोट्याच्या शिकवणीचा खर्च ज्यांना झेपतो त्यांच्याकडे झुकलेल्या प्रवेशप्रक्रियेला हा एक उतारा आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर मोकळेपणाने चर्चा व्हायला हवी.

नव्या कॉलेजांना विचारण्याजोगे प्रश्न

गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कॉलेजाला जुन्या कॉलेजांची नक्कल करण्याची गरज नाही. हिवताप, सिकलसेल, कुपोषण आणि घरचे बाळंतपण हे तिथल्या विद्यार्थ्यांसाठी परिशिष्ट नसून रोजचा अभ्यास असू शकतो. मात्र त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात शिकवणारा माणूस हवा, आणि नियम इथेच आडवा येतो. अध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. वीस वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्र चालवलेला, शेकडो सर्पदंश हाताळलेला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी इंटर्नच्या हजेरीवर सही करतो, पण त्याला शिक्षक म्हणून मान्यता नसते, शिकवण्यासाठी वेळ राखून दिलेला नसतो आणि मानधनही नसते. आपल्या जिल्ह्यात नवे कॉलेज आले असेल, तर इमारत कधी पूर्ण होणार याबरोबरच, विद्यार्थी तालुक्याच्या रुग्णालयात किती आठवडे राहणार, त्यांची राहण्याची सोय कुठे आहे, आणि तिथे त्यांना शिकवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर सोपवली आहे, हे पालकांनी, पत्रकारांनी आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी अधिष्ठात्यांना विचारायला हरकत नाही.